हर्डल आणि बॅरियर: दोन्हीला ‘अडथळा’च?

माझी भाची इथे वडोदऱ्यात शिकते. परवा ती अनुवादाचा अभ्यास दाखवायला आली. मूळ इंग्रजी वाक्याचा आशय असा, की प्रवेशपरीक्षा हे मुलींपुढचं हर्डल आणि फी हा बॅरियर. तिने दोन्हीकडे ‘अडथळा’ लिहिलं होतं. वाचताना खटकत नाही, पण वाक्याचा जीव जातो.

हर्डल म्हणजे मुळात फांद्या विणून केलेला, उचलून नेता येणारा ताटवा, मेंढ्या कोंडायला वापरायचा. पुढे तो मैदानावर आला. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत १० हर्डल असतात, प्रत्येक १०६.७ सेंटीमीटर उंच. पाय लागला तर ते पुढे कोलमडतं, धावणारा धावत राहतो. ते मांडलेलंच असतं ओलांडण्यासाठी. इथे ‘अडथळा’ चपखल बसतो. गुजरातीत या शर्यतीला विघ्नदोड म्हणतात. मराठीत मात्र विघ्न येतं आणि टळतं, ते कुणी ओळीने मांडून ठेवत नाही.

बॅरियरच्या मुळाशी आहे बार, म्हणजे आडवा दांडा. आणि आपला ‘अडसर’ तरी दुसरं काय आहे? इथल्याच दांडिया बाजारात माझ्या आजोळच्या दारामागे तो होता. भिंतीतल्या खोबणीतून सागाचा जाड दांडा खर्र आवाज करत बाहेर ओढायचा आणि टोक समोरच्या भोकात बसवायचं. एकदा लावला की बाहेरचा माणूस कितीही चपळ असो, आतल्याने सरकवल्याखेरीज दार उघडत नसे.

म्हणून अडथळा पार करतात, अडसर दूर करतात. क्रियापदंच फरक सांगतात. ३००० मीटर स्टीपलचेस या धावण्याच्या शर्यतीतल्या आडव्या ओंडक्यांनाही बॅरियर म्हणतात आणि तेही ओलांडतातच, हा आक्षेप मान्य. पण ते ओंडके धक्क्याने पडत नाहीत, खेळाडू त्यांवर पाय देऊनही जातात. आणि मुद्दाम कुणी आड आलं, तर त्याला आडकाठी किंवा खोडा आहेच.

भाचीचं वाक्य आता असं झालंय: ‘परीक्षेचा अडथळा मुली पार करतात, फीचा अडसर तसाच राहतो.’ तिने अडसर डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही, तरी शब्द तिला लगेच पटला.

तुमच्याकडे दारामागच्या त्या दांड्याला अडसर म्हणत की अडणा?