विजापूरचा गोल घुमट: आईला वर नेऊ का?

प्रश्न: दिवाळीत पुण्याहून गाडीने निघतोय. सोलापूरला मुक्काम, सकाळी विजापूर. आई ६८ वर्षांची, गुडघे कुरकुरतात. चिरंजीव सात वर्षांचे. एकदा ओरडलं की सातदा ऐकू येतं, हे कळल्यापासून बाथरूममध्ये सराव चालू आहे. वर जायला लिफ्ट वगैरे?

सोलापूरकर: कसली लिफ्ट! कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून अरुंद दगडी जिना, शंभराहून जास्त पायऱ्या, त्याही उंच. उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा. काकूंना खालीच बसू द्या. मधे एकही खांब नाही, वर जवळपास ४४ मीटर व्यासाचा घुमट. मान वर केली की पुरे. चौथऱ्यावर दिसतात त्या कबरी नुसत्या प्रतिकृती, महंमद आदिलशहा खाली तळघरात आहे.

मीनल: गेट उघडताच आत शिरा. सहलीची पोरं आली की शिट्ट्या नि किंकाळ्या, सज्जात कुजबुज कसली ऐकू येतेय! आम्ही लवकर गेलो होतो. नवरा समोरच्या बाजूला भिंतीला तोंड लावून म्हणाला, "पाकीट गाडीत राहिलं." इकडे मला स्पष्ट ऐकू आलं. एरवी शेजारी बसून बोललेलं त्याला ऐकू येत नाही, ते सोडा.

प्रश्नकर्ता: जाऊन आलो. आई खाली बसली. पोरगं वरून "आजीऽऽ" म्हणून ओरडलं. आई म्हणे, "कितीदा हाक मारतोस, ऐकलं की रे!"