भरवशाची गाडी की मजा देणारी? वापरलेली फोर बाय फोर घेताना कशाला किती वजन द्यावे?

कच्चीवाट (प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे मी एक जुनी फोर बाय फोर चालवतो आहे. तिची चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आता आणखी वेल्डिंग सहन करील असे वाटत नाही, त्यामुळे दुसरी गाडी शोधणे भाग आहे आणि तीही वापरलेलीच घ्यायची आहे. शोधता शोधता दोन गाड्यांपर्यंत आलो आणि गेले तीन आठवडे तिथेच अडकलो आहे. नावे मुद्दाम देत नाही, कारण नावे आली की चर्चा गाडीवरून निष्ठेवर घसरते.

पहिली गाडी मोठी, पाच दारांची, डिझेल आणि सुमारे अडीच टनांची आहे. वेळेवर तेल बदला आणि बाकी सगळे विसरून जा, अशी या मॉडेलची ख्याती आहे. चालवताना मात्र स्टिअरिंग फिरवल्यावर वळायचे की नाही याचा ती आधी विचार करते आणि मग वळते. दुसरी गाडी आखूड, छत काढता येणारी, पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध आस) असलेली आणि दोन्ही डिफरन्शियलना (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) लॉक, म्हणजे दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवण्याची सोय, असलेली आहे. एका खडकाळ उतारावर मी ती लो रेंजच्या (वेग कमी, जोर जास्त देणारी गिअरची जोडणी) पहिल्या गिअरमध्ये टाकून ब्रेकवरचा पाय काढला आणि ती मुंगीच्या पावलांनी खाली उतरू लागली, तेव्हा शेजारी बसलेला विक्रेता काय सांगत होता ते मला ऐकूच आले नाही. परंतु याच मॉडेलचे मालक तेलगळती, विनाकारण लागणारे सेन्सरचे दिवे आणि पावसात आत येणारे पाणी यांबद्दल सतत लिहीत असतात.

माझा वापर असा आहे : महिन्यातून दोनदा तीन-चार गाड्यांच्या गटाबरोबर एका दिवसाची फेरी, आणि वर्षातून दोनदा पत्नीसह आठ-दहा दिवसांचा लांबचा प्रवास, तोही एकट्याच गाडीने. रोजच्या कामासाठी दुसरे वाहन आहे. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंगला ग्रीस इथपर्यंतची कामे मला येतात, त्यापुढे माझा हात चालत नाही. अशा माणसाने भरवशाला किती आणि मजेला किती महत्त्व द्यावे?

जुनापाना

प्रश्न असा मांडला की उत्तर मिळणार नाही, कारण भरवसा ही एकसंध गोष्ट नाही. माझ्या लेखी बिघाड दोनच प्रकारचे असतात : ज्यानंतरही गाडी घरी येते तो एक, आणि ज्यानंतर गाडी तिथेच राहते तो दुसरा. पहिल्या प्रकारचे दहा आणि दुसऱ्या प्रकारचा एक, यांतून निवडायचे झाले तर मी डोळे झाकून पहिले दहा घेईन.

ज्या आकडेवारीच्या आधारे एखाद्या मॉडेलला भरवशाचे म्हटले जाते, तिच्यात हा फरक उतरत नाही. उदाहरणार्थ, जे. डी. पॉवर या संस्थेचे टिकाऊपणाचे सर्वेक्षण तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते. फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही त्यात एक तक्रार, आणि गिअरबॉक्स निकामी झाला हीसुद्धा एकच तक्रार. शिवाय त्यांतल्या बहुतेक गाड्यांची चाके डांबर सोडून खाली उतरलेलीच नसतात.

माझा अनुभव सांगतो. माझ्याकडे पूर्वी एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली, एक गाडी होती. दगडगोट्यांनी भरलेल्या एका नदीपात्रातून वर चढताना मागच्या डाव्या चाकाजवळ बारीकसा 'फुस्स' आवाज झाला आणि दहा मिनिटांत गाडीचा मागचा कोपरा खाली बसून रबरी बंपस्टॉपवर टेकला. गळणारी हवा भरून काढण्याच्या नादात कॉम्प्रेसर अखंड चालत राहिला आणि शेवटी जळला. एरवी दीड तासात कापता येणारे साठ किलोमीटर कापायला पाच तास लागले, आणि प्रत्येक खड्ड्याला दातावर दात आपटत होते. त्याच प्रवासात माझ्या सोबत्याच्या जुनाट गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचे ऑइल सील गळत होते. तो रोज सकाळी गाडीखाली सरकायचा, डिफरन्शियलचा बूच उघडून करंगळी आत घालायचा, बोटाला तेल लागले की बूच घट्ट करायचा आणि निघायचा. सर्वेक्षणात आम्हा दोघांच्या नावावर एकेकच तक्रार लागली असती.

म्हणून दुसऱ्या गाडीविषयी जी जी तक्रार आपण वाचली असेल, तिला तीन प्रश्न विचारा. ती आधी सूचना देते का? ती झाली तरी गाडी पुढे सरकते का? आणि सोबतच्या हत्यारांनी, आपल्याला येते तेवढ्या कामात, ती तात्पुरती तरी निस्तरता येते का? तेलगळती आणि छतातून येणारे पाणी या तिन्ही प्रश्नांतून सहीसलामत सुटतात. सेन्सरचे दिवे मात्र नीट तपासावे लागतील, कारण काही दिवे नुसते लागतात, तर काही दिवे लागताच संगणक इंजिनाची ताकद काढून घेतो, आणि चढणीच्या मध्यावर तसे झाले तर ती साधी गैरसोय राहत नाही.

टोयोटाच्या लँड क्रूझरची ७० मालिका १९८४ मध्ये सुरू झाली आणि अजूनही बनते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यात आणि मदतकार्य करणाऱ्या संस्थांकडे लँड क्रूझर दिसण्यामागेही, त्या गाडीत काही मोडतच नाही असे कारण नाही. जे मोडते ते सगळ्यांना माहीत असते, त्याचा सुटा भाग दूरवरच्या गॅरेजातही सापडतो आणि तो बसवणारा हात तिथेच असतो. भरवशाचा हा अर्धा भाग गाडीच्या बाहेर असतो आणि विकत घेताना नेमका तोच पाहायचा राहतो.

आपल्या वापरात गटाबरोबरच्या फेऱ्यांना कोणतीही गाडी चालेल; बंद पडली तर कोणीतरी दोर लावून ओढील आणि पुढची सहा महिने चेष्टा करील, एवढेच. खरा निकाल वर्षातल्या त्या सोळा ते वीस दिवसांवर लागणार आहे.

बिनछत

जुनापाना यांची विभागणी मला मान्य आहे, पण त्यांनी फक्त मोडतोड हिशेबात धरली. ऑफ-रोडवर गाडी न मोडताही थांबते. अडीच टनांची गाडी ओल्या चिखलात पोटापर्यंत रुतली, तर तिचे इंजिन कितीही निरोगी असले तरी ती थांबलेलीच असते, आणि एकट्याने प्रवास करणाऱ्याला तिला बाहेर काढणे हे एखादा बुश बदलण्यापेक्षा अवघड जाते. २०१८ मध्ये आलेली सध्याची तीन दारांची सुझुकी जिम्नी घ्या. वजन सुमारे ११०० किलो, व्हीलबेस २२५० मिलिमीटर. दोन अ‍ॅक्सलमधले अंतर इतके कमी असल्यामुळे उंचवट्यावरून जाताना तिचे पोट सहसा टेकत नाही, आणि वजन कमी असल्यामुळे जिथे मोठी गाडी खोल चर पाडत खाली जाते तिथून ती वरच्या वर निघून जाते. टर्बो नसलेले दीड लिटरचे साधे पेट्रोल इंजिन, शिडीसारखी चासी, दोन्ही सॉलिड अ‍ॅक्सल आणि लो रेंजसाठी हाताने ओढायचा दांडा, एवढाच तिचा संसार आहे. त्यामुळे मजा आणि भरवसा एकमेकांच्या वैरी आहेत असे समजण्याचे कारण नाही. दोघांचाही वैरी आहे तो गुंतागुंत.

तुमच्या दुसऱ्या गाडीत दोन्ही लॉक आहेत. अशा प्रत्येक सोयीबरोबर एक वायर, एक मोटर आणि एक स्विच येतो. जीपच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये लॉकच्या जोडीला लो रेंजचे प्रमाण ४:१ आहे आणि पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) बटणाने सुटा करता येतो; प्रत्येक गोष्ट खडकांवर खरोखर उपयोगी पडते आणि प्रत्येक गोष्ट कधीतरी रुसू शकते. मात्र लॉक लागला नाही तर तुमची गाडी बिनलॉकची गाडी होते, बंद गाडी होत नाही. हा जुनापाना यांचाच निकष तुमच्या आवडत्या गाडीच्या बाजूने लावून पाहिला.

आणखी एक गोष्ट हिशेबात सुटते. जी गाडी आवडते ती चालवली जाते, आणि जी कर्तव्य म्हणून घेतली जाते ती उभी राहते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेक धरून बसतात, सील सुकतात. वरचेवर गाडीखाली डोकावणाऱ्या मालकाला गळती पहिल्या थेंबाला दिसते. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो, पण इथे हौस देखभालीच्या रूपाने थोडेफार मोल परत करते.

एका बाबतीत मात्र सावध राहा. तुम्ही वीस मिनिटांच्या उतारावर प्रेमात पडला आहात. आठ-दहा दिवसांच्या प्रवासातले बहुतेक तास साध्या रस्त्यावर, वाऱ्याच्या घोंगावण्यात आणि आखूड व्हीलबेसच्या उड्यांत जातील. लँड रोव्हर डिफेंडरच्या २०१९ च्या नव्या पिढीत कंपनीने वेगळी चासी आणि सॉलिड अ‍ॅक्सल दोन्ही सोडून अ‍ॅल्युमिनियमची सलग बॉडी आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले, त्यावर जुने चाहते हळहळले. पण लांबच्या पल्ल्यावर पाठीला विचारले तर तिचे मत वेगळे पडेल. पत्नीला शेजारी बसवून सलग दोन तास महामार्गावर चालवून पाहा आणि मधले एक तास गाडी त्यांच्या हातात द्या.

चासीनंबर

वरचे दोघेही मॉडेलविषयी बोलत आहेत. आपण मॉडेल विकत घेत नाही, एक विशिष्ट गाडी विकत घेता. वापरलेल्या ऑफ-रोड गाडीत कारखान्यातून आलेल्या दोषांपेक्षा आधीच्या मालकाने हौसेने घातलेले दोष मला नेहमी जास्त सापडले आहेत.

गाडी उंच केली असेल तर प्रॉपेलर शाफ्टचा (ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा दांडा) कोन बदलतो आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर झिजतात; पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कल) कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटू लागते. टायर मोठे घातले की गिअरिंग लांबते, क्लचवर, बेअरिंगवर आणि ब्रेकवर ताण वाढतो. मग पुढच्या सॉलिड अ‍ॅक्सलला एका ठरावीक वेगाला जोराचा थरकाप सुटतो आणि मालक त्यावर स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा दट्ट्या) बसवून मोकळा होतो. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. त्या थरकापात पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) बुश, त्याच्या बोल्टची भोके, टाय रॉडची टोके आणि बॉल जॉइंट आधी पाहायचे असतात. डँपर फक्त लक्षण दाबतो.

दोन्ही गाड्यांच्या डिफरन्शियलचे बूच उघडून तेल बोटावर घ्या. ते दुधाळ दिसले तर पाणी आत गेले आहे, म्हणजे गाडी खोल पाण्यात उतरली आणि ब्रीदरची (अ‍ॅक्सलमधली हवा ये-जा करू देणारी) नळी तुटलेली किंवा तुंबलेली होती. लो रेंजचा दांडा टाकून काढून पाहा, दोन्ही लॉक लावून सोडवून पाहा. चासीच्या मागच्या भागावर, इंधनाच्या टाकीच्या वरच्या बाजूला, पेचकसाच्या मुठीने ठोका. नवा काळा रंग दिसला तर दुप्पट ठोका.

कच्चीवाट

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही गाड्या पुन्हा पाहिल्या, या वेळी दोन्हींच्या खाली आडवे होऊन.

पहिल्या, म्हणजे ख्यातीवान गाडीला खालून अलीकडेच काळा रंग दिलेला होता. मागच्या आडव्या पट्टीवर पेचकसाची मूठ आपटली तेव्हा आवाज खणखणीत येण्याऐवजी बद्द आला, म्हणून टोकाने किंचित दाबले, तर टोक आत गेले आणि गंजाचा भुगा चष्म्यावर सांडला. विक्रेता म्हणाला, "या गाड्यांचे इंजिन पाच लाख किलोमीटर चालते." ते खरे असेलही.

दुसऱ्या गाडीचे मागचे तेल स्वच्छ निघाले, पुढचे किंचित राखाडी होते. मागचा लॉक लगेच लागला. पुढच्या लॉकचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. गाडी सुमारे दोन इंच उंच केलेली आहे आणि स्टिअरिंग डँपर चकाकता, नवा कोरा आहे, हे चासीनंबर यांचे उत्तर वाचले नसते तर मी गुण म्हणून मोजले असते. महामार्गावर सत्तरच्या पुढे स्टिअरिंगमध्ये हलका थरथराट जाणवला. पत्नीने तासभर चालवली. तिचे म्हणणे असे की आवाज सहन होईल, पण सीटची पाठ सहन होणार नाही, आणि सीट बदलता येते.

एवढ्यावरून मी पहिलीचा विचार सोडला आहे. दुसरीवर पैसे लावावेत का, हे अजून ठरत नाही.

जुनापाना

चासी गेलेली गाडी सोडलीत हे उत्तम केलेत. आपल्या आताच्या गाडीने तो धडा आधीच दिलेला होता.

दुसरीबद्दल म्हणाल तर सापडलेल्या गोष्टी माझ्या तीन प्रश्नांतून घाला. मागचा लॉक चालतो आणि पुढच्याशिवाय गाडी धावते. तो लुकलुकणारा दिवा बहुधा सेन्सरचा किंवा वायरीचा असेल, तरी खात्री होईपर्यंत लॉक बिघडलेला आहे असेच धरून किंमत बोला. राखाडी तेल बदलून पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे लागेल, आणि तोवर पुढच्या अ‍ॅक्सलची बेअरिंग खराब आहेत असे समजावे. थरथराट मात्र सोडू नका. मुळात चाकांचा तोल बिघडला असेल तर काम किरकोळ आहे, पण पॅनहार्ड रॉडच्या बोल्टची भोके लांबट झाली असतील तर ते ब्रॅकेट वेल्डिंग करून नवे बसवावे लागेल. एकाला स्टिअरिंग डावीउजवीकडे हलवायला सांगून आपण खाली झोपून त्या बोल्टवर बोट ठेवा. हालचाल डोळ्यांना दिसली नाही तरी बोटाला कळते.

कच्चीवाट

रविवारी परत जातो आहे. पत्नी स्टिअरिंग हलवणार आहे, बोट माझे असेल. बोल्ट हलला तर हेच मॉडेल, पण उंच न केलेले, शोधायचे असे आमचे ठरले आहे.