फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचं माप) ६८, तरी लोह कमी असू शकतं का?

प्रश्न: रुग्णाला सततचा थकवा, केसगळती, तळपायाला मुंग्या. हिमोग्लोबिन ११.४, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ८८, फेरिटिन ६८, बी-१२ २४०. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) सहा वर्षं चालू. पुढे काय तपासावं?

प्रतिसाद १: आधी सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी). अंगात दाह असला की फेरिटिन फुगतं, त्यामुळे ६८ वर विसंबू नका. सकाळी उपाशीपोटी ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह आहे) करा. २० टक्क्यांखाली आलं तर लोह कमी असल्याची दाट शक्यता. आणि आरडीडब्ल्यू (तांबड्या पेशींच्या आकारांतली तफावत) बघा, त्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही! लोह कमी तर पेशी लहान, बी-१२ कमी तर मोठ्या. दोन्ही एकत्र असलं की एमसीव्ही साळसूदपणे ८८ दाखवतो, आरडीडब्ल्यू मात्र चढतो.

प्रतिसाद २: मेटफॉर्मिनने बी-१२चं शोषण घटतं. २०० ते ३००च्या मधल्या पट्ट्यात मिथिलमॅलोनिक ॲसिड (बी-१२ कमी असलं की रक्तात वाढतं) मोजा, सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर हे ॲसिड एरवीही वाढलेलं दिसतं. रक्त आधी घ्या, गोळ्या नंतर.

प्रश्नकर्ता: आरडीडब्ल्यू १७.२ आहे, म्हणजे चढलेला. तोवर फॉलिक ॲसिड सुरू करू?

प्रतिसाद ३: एकटं नको. बी-१२ कमी असेल तर त्याने रक्त सुधारतं, नसांची हानी चालूच राहते. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेतात का, तेही विचारा. थायरॉइड तपासणीचे आकडे त्याने चुकू शकतात.