मदत हवी आहे: गॅलेची फुलदाणी खरी की रोमानियन कॉपी?

नमस्कार मंडळी, आम्ही फ्रान्समध्ये नान्सीजवळ राहतो, इथल्या जुन्या बाजारात एक फुलदाणी बघून ठेवलीये आणि जीव अडकलाय तिच्यात. वीतभर उंच, आत दुधी-पिवळी काच, वर जांभळ्या थरात विस्टेरियाची फुलं, सहीत एमिल गॅले या नान्सीच्याच नामवंत काच-कलावंतांचं नाव आणि त्याआधी बारीकशी चांदणी. गॅले १९०४ मध्ये वारले आणि त्यानंतर काही काळ कारखान्याच्या मालावर सहीसोबत चांदणी यायची, म्हणजे तिथवर जुळतंय. पण याच पद्धतीच्या कॉप्या रोमानियात भरपूर बनतात, त्यांच्यावर नावाजवळ 'टिप' (रोमानियनमध्ये 'प्रकार', म्हणजे गॅलेच्या धर्तीचं) लिहिलेलं असतं आणि काही लोक ते घासून काढून अस्सल म्हणून खपवतात. या सहीच्या शेजारी बोटाला जरा खोलगट, गुळगुळीत लागतं, तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

इथल्या एकोल द नान्सी म्युझियममध्ये अस्सल गॅले डोळे भरून पाहिलेत, पण कपाटाच्या काचेआडून किती कळणार? ॲसिडने थर खाऊन काढलेल्या नक्षीच्या कडा नेमक्या कशा दिसायला हव्यात, तळाला काय बघायचं, कुणी हाताळलं असेल तर प्लीज सांगा, रविवारपर्यंतच दुकानदार थांबणार आहे.