भारतीय स्त्रीला मताचा हक्क आयता मिळाला का?

सडेतोड:
ब्रिटनमधल्या बायकांनी मतासाठी तुरुंग भोगला, उपोषणं केली, नळ्या खुपसून बळजबरीने भरवलेलं अन्न सोसलं. तरी 1918 मध्ये मत मिळालं ते तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्यांनाच. पुरुषांशी बरोबरी व्हायला 1928 उजाडलं. आपल्याकडे राज्यघटना आली आणि सगळ्यांना एकदम मत. आयत्या मिळालेल्याची किंमत राहत नाही. बोला.

जाईजुई:
आयतं? डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडू शिष्टमंडळ घेऊन मद्रासला ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यूसाहेबांना भेटल्या, ते काय हवापालटाला? पुढे मत कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीने नकार दिला, तेव्हा 1919 मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा लेकीला, मिठनला, घेऊन थेट लंडन गाठून बाजू मांडून आल्या. सरकारने निर्णय प्रांतांवर ढकलला. मद्रास आणि मुंबईने 1921 मध्ये दार उघडलं. तुरुंग नाही म्हणजे लढा नाही, हे कुठलं गणित?

तिरकस:
दार उघडलं, पण कुणासाठी ताई? मालमत्तेची अट होतीच की. बोटीने लंडनला जाणाऱ्यांचा हा लढा खुरपणीला जाणारीच्या गावीही नव्हता. सडेतोडरावांचं पटत नाही, पण सरसकट 'स्त्रियांचा लढा' म्हणताना जरा जपून.

जाईजुई:
हे मान्य. खुरपणारीची गाठ पडली ती मतदारयादीवाल्याशी, आणि तीही स्वतःच्या उंबऱ्यावर. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना लाखो बायकांची नोंद 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशी झाली. परक्या माणसाला बाईचं नाव सांगायचं नाही, ही रीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या.

सडेतोड:
म्हणजे माझंच खरं! हक्क दारात आला होता, नुसतं नाव सांगायचं होतं.

जाईजुई:
'नुसतं' म्हणे! दारात बोलायचा मान घरातल्या पुरुषाचा असेल, तर नाव सांगायचं कुणी? आणि सेन नमले असते तर? 'तमक्याची बायको' म्हणूनच मत पडलं असतं, आजही.

तिरकस:
सेनांचं बरोबरच होतं. पण शिक्षा झाली बायकांना, रीत पाळायला लावणाऱ्यांची नावं यादीत शाबूत. सडेतोडराव, किंमत कुणी मोजली म्हणालात?

सडेतोड:
28 लाखांचं ठाऊक नव्हतं, ते मागे घेतो. लंडनवारीबद्दल मात्र अजून भांडणार. जेवून येतो.