एझिमलाहून बाहेर पडल्यानंतरची पहिली काही वर्षे प्रत्यक्षात कशी जातात?

दापोलीचा_बाबा

नमस्कार. माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकत असून, जेईई मेन दिल्यानंतर नौदलाच्या दहा अधिक दोन बीटेक प्रवेश योजनेसाठी अर्ज करण्याचा तिचा निश्चय आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित मिळून किमान ७० टक्के आणि इंग्रजीत किमान ५० टक्के गुण हवेत, जेईईच्या क्रमवारीवरून सेवा निवड मंडळाच्या (एसएसबी) मुलाखतीला बोलावले जाते, आणि निवड झाल्यास केरळमधील एझिमला येथील भारतीय नौदल अकादमीत चार वर्षांचे शिक्षण नौदलाच्या खर्चाने होते, इथवरची माहिती आम्ही मिळवली आहे. अडचण अशी की जे काही वाचायला मिळते ते पासिंग आउट परेडच्या छायाचित्रापाशी येऊन थांबते. पांढऱ्या गणवेशातली मुले, शेजारी डोळे पुसणारे आईवडील, आणि लेख संपला.

आमच्या घरात आजवर कोणीही गणवेश घातलेला नाही; आंब्याची बाग आणि शिक्षकाची नोकरी एवढाच आमचा अनुभव आहे. त्यामुळे परेडच्या दुसऱ्या दिवसापासून ही मुले कोठे जातात, काय करतात, त्यांच्यावर जबाबदारी केव्हा पडते, घरी केव्हा येता येते, आणि हे सारे त्यांना मनापासून आवडते की केवळ निभावले जाते, हे ज्यांच्या घरातली मुले अलीकडे उत्तीर्ण झाली आहेत त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे. माझे मेहुणे मर्चंट नेव्हीचा आग्रह धरत आहेत, हेही प्रांजळपणे सांगतो.

मिरकरवाड्याची_ताई

काका, माझा धाकटा भाऊ राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमार्गे (एनडीए) गेला, म्हणजे खडकवासल्याला तीन वर्षे आणि त्यानंतर एझिमलाला एक वर्ष. तुमच्या मुलीची चारही वर्षे एझिमलालाच जातील, परंतु परेडनंतरची वाट दोघांची सारखीच आहे. तो एक्झिक्युटिव्ह, म्हणजे जहाज चालवणाऱ्या व लढवणाऱ्या शाखेत आहे. त्याच्या जहाजाचे नाव आणि ते सध्या कोठे आहे हे मी लिहिणार नाही, आणि उद्या तुमच्या मुलीच्या बाबतीत नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तुम्हीही लिहू नये. ही सवय घरच्यांनाच लावून घ्यावी लागते.

परेडसाठी आम्ही रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेसने पय्यन्नूरला उतरलो होतो. संचलन संपल्यावर खांद्यावरच्या पट्ट्या आईवडिलांच्या हस्ते उघडल्या जातात, त्यामुळे त्या दिवशी मुलगा अधिकारी झाला असे सगळ्या गावाला वाटते. नौदलाच्या दृष्टीने मात्र तो अजून शिकाऊच असतो. थोडी सुट्टी संपवून ही मुले कोचीला पहिल्या प्रशिक्षण ताफ्यावर रुजू होतात. तीर, शार्दूल, सुजाता ही या ताफ्याची जहाजे, आणि तरंगिणी व सुदर्शिनी ही शिडाची. तेथे डेक घासण्यापासून सेक्स्टंटने ताऱ्यांची उंची मोजून जहाजाचे स्थान काढण्यापर्यंत सर्व काही स्वतःच्या हाताने करावे लागते. उपग्रहावरून स्थान कळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे मी त्याला विचारले होते. युद्धात पहिल्यांदा उपग्रहाचा संकेतच जाम होतो, असे त्याने शांतपणे सांगितले. याच काळात हा ताफा परदेशी बंदरांनाही जातो, आणि घरी फोटो येतात ते तिथलेच; वरिष्ठांनी तपासून लाल शाईने भरलेल्या जर्नलच्या पानांचे फोटो कोणी पाठवत नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष युद्धनौकेवरची उमेदवारी, परीक्षा, किनाऱ्यावरचे अभ्यासक्रम आणि पुन्हा जहाज. तिथे त्याचे एकच ध्येय होते, ते म्हणजे वॉचकीपिंग तिकीट. जहाजाचा कमांडिंग ऑफिसर जोवर हे प्रमाणपत्र देत नाही, तोवर ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, तुम्ही दुसऱ्याच्या हाताखाली उभे राहता. ते मिळाले की पाळीच्या चार तासांत, कॅप्टन झोपलेला असताना, संपूर्ण जहाज आणि त्यावरची माणसे तुमच्या ताब्यात असतात. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी एवढा भार उचलायला लावणारी दुसरी नोकरी मला ठाऊक नाही.

एक गोष्ट मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ती आपल्या किनाऱ्याशी संबंधित आहे. सागरी वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम, म्हणजे १९७२ चे टक्कर-प्रतिबंधक नियम, या मुलांकडून शब्दशः पाठ करून घेतले जातात. ट्रॉलिंग करणाऱ्या नौकेवर पांढऱ्याच्या वर हिरवा दिवा, इतर मासेमारी नौकेवर पांढऱ्याच्या वर लाल दिवा, असे पुस्तकात आहे. रात्री बारा ते चारच्या पाळीला कोकण किनाऱ्यालगत जहाज आले की समोर अक्षरशः बाजार दिसतो, आणि त्यातल्या कितीतरी नौकांवर पुस्तकातला एकही दिवा नसतो. कोणी बॅटरीवरचा एलईडी टांगलेला असतो, कोणी रंगीत लुकलुकणारी माळ लावलेली असते, आणि जाळ्याच्या टोकाला बोयावर एक बारीकसा दिवा असतो, तोही असेलच असे नाही. आमचे घर मिरकरवाडा बंदराजवळचे, घरची नौका होती, त्यामुळे कोणती नौका जाळे ओढत आहे, कोणती नांगर टाकून थांबली आहे आणि कोणती एका जागी गोल फिरून पर्ससीनचे जाळे टाकत आहे हे भाऊ तिच्या चालीवरून ओळखतो. अकादमीत इंग्रजी उच्चारांवरून वाटलेला संकोच या एका गोष्टीने गेला, असे तो म्हणतो.

सुट्टीबद्दल विचाराल, तर नियमाने अधिकाऱ्याला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि २० दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती केव्हा मिळेल हे जहाजाचा कार्यक्रम ठरवतो. गणपतीची रजा ऐन आठवड्यात मंजूर होते आणि कोकण रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधी, उघडल्याबरोबर, संपलेले असते. या दोहोंचा मेळ घालणारा अधिकारी अजून जन्माला यायचा आहे. फोनचेही तसेच. २०१९ च्या अखेरीपासून जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोनवर कडक निर्बंध आहेत, म्हणून जहाज समुद्रात असताना फोन न येणे ही चांगली बातमी समजायला आईला शिकावे लागले.

त्याला आवडते का, या प्रश्नाचे उत्तर मी त्याच्या वतीने देणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत तो कंटाळलेला, थकलेला आणि चिडलेला होता. तिकीट मिळाल्यानंतर त्याचा आवाज बदलला, एवढे मी पाहिले आहे.

होडीवाला_मालवण

ताईंनी एक्झिक्युटिव्ह शाखेचे लिहिले आहे. माझा मुलगा इंजिनिअरिंग शाखेत आहे, म्हणून त्याची बाजू मांडतो. अभ्यासाचा विषय आणि शाखा यांत मुलांची पसंती विचारली जात असली, तरी अंतिम निर्णय नौदलाच्या गरजेप्रमाणे होतो, हे तुमच्या मुलीने आधीच मनाशी ठरवून ठेवावे. ब्रिजवर उभे राहण्याचे स्वप्न घेऊन गेलेल्या काही जणांना खाली इंजिन रूम मिळते आणि ती खंत काही महिने पुरते.

इंजिनिअर अधिकाऱ्यांचे पुढील शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी येथे होते आणि इलेक्ट्रिकल शाखेचे जामनगरच्या आयएनएस वलसुरा येथे. जहाजावर माझ्या मुलाने पहिले काही आठवडे काय केले, तर फ्लोअर प्लेटा उचलून त्यांच्याखाली सरपटत जाऊन इंधन, वंगण, समुद्राचे पाणी आणि आगीचे पाणी यांच्या नळ्या कोठून निघून कोठे जातात हे हाताने चाचपून वहीत काढले. प्रत्येक झडप त्या चित्रात आली पाहिजे, आणि वरिष्ठाने मध्यरात्री उठवून विचारले तर अंधारात ती दाखवता आली पाहिजे. बीटेकची पदवी हातात असलेल्या मुलाला हे काम कमीपणाचे वाटू शकते. मी होड्या बांधणारा माणूस आहे. मला ते ऐकून बरे वाटले. पाणी शिरलेल्या खोलीत लाकडी पाचरी ठोकून गळती थांबवण्याचा सराव त्यांना देतात, त्यात पाचर कशी धरावी हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

पैशाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण ते कोणी लिहीत नाही. सब-लेफ्टनंटचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपये आणि त्यावर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे, शिवाय महागाई भत्ता व इतर भत्ते. साधारणपणे दोन वर्षांनी लेफ्टनंट, सहा वर्षांनी लेफ्टनंट कमांडर आणि तेरा वर्षांनी कमांडर, एवढी बढती ठरलेल्या कालावधीने मिळते. त्याच्या वर निवड असते आणि तेथे गाळणी बारीक आहे.

आमच्याकडे ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन साजरा झाला तेव्हा तारकर्लीच्या किनाऱ्यावरून युद्धनौका आणि विमानांची प्रात्यक्षिके साऱ्या तालुक्याने पाहिली, आणि त्यानंतर कित्येक घरांतील मुलांनी नौदलाचे मनावर घेतले. आनंद आहे. पण ते पाहून निर्णय घेणे म्हणजे वरात पाहून संसाराचा अंदाज बांधण्यासारखे आहे. तुम्ही परेडनंतरचे विचारत आहात, हे योग्य करत आहात.

हर्णैचा_सेकंड_मेट

मी मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे, त्यामुळे मेहुण्यांची बाजू घेण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. एक वर्षाचा डीएनएस, म्हणजे नौकानयनाचा डिप्लोमा, त्यानंतर डेक कॅडेट म्हणून १८ महिन्यांचा सागरी अनुभव, मग परीक्षा आणि सेकंड मेटचे प्रमाणपत्र, असा आमचा मार्ग आहे. पगार नौदलापेक्षा जास्त आहे, परदेशी जहाजावर वर्षातील पुरेसे दिवस काढले तर त्यावर कर लागत नाही, आणि करार संपला की सलग काही महिने घरी राहता येते. मी गणपतीला घरी असतो, मात्र त्यासाठी कराराची तारीख वर्षभर आधी जुळवावी लागते.

मात्र तुमच्या मेहुण्यांनी दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्याकडे शिक्षणाचा खर्च घरच्यांचा असतो आणि डीएनएसनंतर जहाज मिळेलच याची हमी प्रायोजक कंपनी असेल तरच असते. आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक मुलांनी एजंटाला लाखो रुपये दिले आणि मुंबईत खोली घेऊन वाट पाहत बसली. त्यांपैकी दोघे माझ्या वर्गात होते. कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे जहाजांवर भरती करण्याचा, परवाना आहे की नाही हे संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत. जहाजावर माणसेही मोजकीच, वीस-पंचवीस, प्रत्येक जण आपापल्या केबिनमध्ये. नौदलातल्या माझ्या मित्राला एकटेपणा हा शब्द ऐकून हसू येते, कारण त्याला शेवटचे एकटे केव्हा राहायला मिळाले तेच आठवत नाही.

माझे मत विचाराल, तर ज्या मुलीने जेईईची तयारी करता करता नौदल ठरवले आहे, तिला पगाराचे आकडे दाखवून वळवू नये. एसएसबीत निवड झाली नाही, तर आमचा दरवाजा उघडा आहेच. आधी मर्चंट नेव्ही आणि मग नौदल, या उलट्या क्रमाने वयाची मर्यादा आड येते.

दापोलीचा_बाबा

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. हे सारे मी मुलीला वाचून दाखवले. दिव्यांचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. एक प्रश्न राहिला. मुलींना खरोखर जहाजावर पाठवतात, की शेवटी किनाऱ्यावरच्या कार्यालयात बसवतात? आणि एवढ्या लहान वयाच्या मुलीचे हाताखालची अनुभवी माणसे ऐकतात का?

निवृत्त_चीफ_गुहागर

मी नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, म्हणजे या प्रश्नातली 'हाताखालची अनुभवी माणसे' ती आम्ही.

नौदलात महिला अधिकारी १९९२ पासून आहेत, परंतु युद्धनौकांवर त्यांच्या नियमित नेमणुका अलीकडच्या, २०२१ च्या आसपासच्या आहेत. २०२३ मध्ये लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची आयएनएस त्रिंकट या नौकेच्या कमांडिंग ऑफिसरपदी निवड झाली. नौदलाच्या नौकेचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी होत. आयएनएसव्ही तारिणी या शिडाच्या नौकेवरून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या दोघींनीच ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, मे २०२५ मध्ये बाहेर पडली. तेव्हा कार्यालयात बसवतात, हे आता खरे नाही. मात्र बीटेक योजनेत मुलींसाठीच्या जागा अद्याप थोड्या आहेत, आणि जहाजावर त्या संख्येने मोजक्याच असतील, याची तयारी ठेवावी.

ऐकतात का, याचे उत्तर मुलगा-मुलगी यावर अवलंबून नाही. नव्या सब-लेफ्टनंटला एक डिव्हिजन, म्हणजे नाविकांचा एक गट, दिला जातो आणि त्या नाविकांचा तो डिव्हिजनल ऑफिसर होतो. त्यांच्यात पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेले लोक असतात. त्यांची रजा, बढतीचे कागद, घरची भांडणे, आजारी आई, मुलाची शाळा, हे सगळे त्या पोरसवदा अधिकाऱ्याच्या टेबलावर येते. तोफ कशी चालते हे त्याला आमच्यापेक्षा कमी कळते, आणि ते आम्हाला मान्य असते. विचारले तर आम्ही शिकवतो. परंतु एखाद्या नाविकाचा रजेचा अर्ज खिशात विसरून संध्याकाळी किनाऱ्यावर गेलेला अधिकारी पुढे कितीही हुशार निघाला, तरी मेसमध्ये त्याचे नाव त्या अर्जावरूनच निघते. मी पाहिलेल्यांपैकी जे पुढे चांगले अधिकारी झाले, ते पहिल्या महिन्यात प्रत्येक माणसाचे गाव विचारून घेत असत.

आता दोन कामाच्या गोष्टी. डोळ्यांची, विशेषतः रंगदृष्टीची, तपासणी आत्ताच रत्नागिरीत एखाद्या नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्या. ताईंनी लिहिलेले लाल-हिरवे दिवे ओळखण्यावर सगळे अवलंबून असल्याने त्यात सवलत नाही, आणि एसएसबी उत्तीर्ण होऊन वैद्यकीय तपासणीत ही गोष्ट कळलेली मुले मी पाहिली आहेत. दुसरे, प्रशिक्षण स्वतःहून सोडल्यास झालेला खर्च भरून देण्याची हमी पालकांकडून लिहून घेतली जाते. तो कागद तुम्ही एकट्याने सही करून मोकळे होऊ नका, मुलीला शेजारी बसवून पहिल्या ओळीपासून वाचा. ती कायमस्वरूपी कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीसाठी, जात आहे, दहा वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिससाठी नव्हे, आणि त्या दोहोंतला फरक तिने सही करण्यापूर्वी तुम्हाला समजावून सांगायला हवा.