अप्रेझलमध्ये सगळ्यांनाच ‘चांगले’ लिहिण्याने काय साधते?

भोसरीकर:
भोसरीतील सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी मशीन शॉपचा सुपरवायझर असून दर मार्चमध्ये मला 18 जणांचे अप्रेझलचे, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचे, फॉर्म भरावे लागतात. वाद नको म्हणून आजवर बहुतेकांना पाचपैकी तीन गुण आणि ‘चांगले’ हा शेरा देत आलो. यंदा माझ्या सर्वांत कुशल सीएनसी (संगणक-नियंत्रित मशीन) ऑपरेटरने राजीनामा दिला, कारण त्याच्या आणि एका कामचुकाराच्या पगारवाढीत काहीच फरक नव्हता. मी नेमके काय बदलावे?

निवृत्त अधीक्षक:
‘चांगला’ हा शेरा निरुपद्रवी असतो, हा समज आधी सोडावा. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त यांच्या 1993-94 च्या गोपनीय अहवालात (वरिष्ठांनी लिहिलेल्या वार्षिक मूल्यमापनात) हाच शेरा होता. बढतीसाठी पाच वर्षे ‘अति चांगला’ असणे आवश्यक असल्यामुळे तो त्यांना नडला आणि मुख्य म्हणजे तो त्यांना कळवलाही गेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2008 रोजी निर्णय दिला की, सरकारी कर्मचाऱ्याच्या अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळवलाच पाहिजे. केंद्र सरकारने 2009 मध्ये पूर्ण अहवाल दाखवण्याचे आणि त्यावर म्हणणे मांडण्यासाठी 15 दिवस देण्याचे आदेश काढले. आपल्या कारखान्याला हे बंधन नाही, तरी फॉर्म वर पाठवण्यापूर्वी ज्याचा त्याला वाचायला द्यावा. समोर बसून वाचून दाखवायचे आहे म्हटल्यावर मोघम लिहिण्याची सोय राहत नाही.

मनुष्यबळ विभागातून:
सहमत; पण मार्चमध्ये दाखवून उशीर झालेला असतो. फेब्रुवारीत एक जॉब (मशीनवर घडवलेला भाग) रिजेक्ट झाला की तोच डोळ्यांसमोर राहतो आणि आधीचे दहा महिने पुसले जातात. म्हणून प्रत्येकाच्या नावाचे पान असलेली वही ठेवून सेटिंगला लागलेला वेळ, रिजेक्शन, शिकाऊ मुलाला शिकवलेले काम अशा नोंदी तारखेसह कराव्यात आणि दर तीन महिन्यांनी त्या माणसाशी बोलावे. आणखी एक: व्यवस्थापनाने ‘बेल कर्व्ह’ची, म्हणजे ठरावीक टक्के माणसांना वरची आणि ठरावीक टक्क्यांना खालची श्रेणी देण्याची, सक्ती सुचवल्यास विरोध करावा. मायक्रोसॉफ्टनेही अशी सक्तीची प्रतवारी 2013 मध्ये बंद केली. 18 जणांच्या शॉपमध्ये तर ठरावीक टक्के माणसे वाईट ठरवणे निव्वळ अंकगणित होईल.

भोसरीकर:
वही आजच घातली. रिजेक्शनचे मात्र दोन रकाने केले आहेत, कारण कास्टिंगमध्येच (मशीनवर येणाऱ्या ओतीव भागातच) छिद्र निघाले तर तो दोष ऑपरेटरच्या पानावर चढता कामा नये.